ज्याला कळले, त्याने कळवावे



स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की घरातली बाई हातातले काम टाकून आधी शेगडीकडे धावते. हा वास गॅसचाच, असे आपण सगळे समजतो. खरे पाहता गॅसला वास नसतो. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असतात आणि ते दोन्ही रंगहीन व जवळजवळ गंधहीन आहेत. नाकाला झोंबणारा तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या एका द्रव्याचा असतो. त्याचे नाव इथाइल मर्कॅप्टन. ते अगदी थोडे घातले तरी पुरते, आणि गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या कितीतरी आधी नाकाला खबर मिळते.

हा वास फार मोठी किंमत मोजून आलेला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. १८ मार्च १९३७ रोजी तेथील शाळेच्या इमारतीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू गळून साठला होता. त्याला वास नव्हता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक प्राणाला मुकले. त्यानंतर टेक्सास राज्याने गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि ही रीत पुढे जगभर पसरली. पुढच्या माणसाला वेळेवर कळावे, म्हणून मुक्या वायूला जणू वाचा दिली गेली.

आज आम्ही आपल्यापुढे जो प्रश्न ठेवत आहोत, तो याच वाचेचा आहे. एखाद्या वस्तूत जिवाला धोका आहे हे एकाला ठाऊक आहे आणि दुसरा ती वस्तू निर्धास्तपणे वापरतो आहे. अशा वेळी ज्याला ठाऊक आहे त्याचे कर्तव्य काय? आणि ते कर्तव्य कुठपर्यंत जाते?

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने दिले आहे. त्याला इंग्रजीत ‘रिकॉल’ म्हणतात. म्हणजे विकलेला माल परत बोलावणे. अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे सुटीत मोटारीच्या मागे एक छोटे घरच जोडून प्रवासाला निघतात. त्या घरगाडीत बिछाने असतात, शेगडी असते, आणि शेगडीसाठी प्रोपेनची टाकी असते. घर चाकांवर असल्यामुळे रस्त्याचे हादरे बसतात, नळीचे जोड सैल पडतात, रेग्युलेटर बिघडतो, कुठे नळी पत्र्याला घासून झिजते. अशा गळतीच्या भीतीने तेथील कारखान्यांनी आपल्या घरगाड्या अनेकदा परत बोलावल्या आहेत. १९६६ च्या कायद्याने तेथे वाहनातला सुरक्षेचा दोष मालकाला कळवणे बंधनकारक झाले आणि १९७४ च्या दुरुस्तीने तो दोष विनामूल्य काढून देणेही बंधनकारक झाले. मालकाच्या घरी पत्र जाते. दोष काय आहे, त्याने काय होऊ शकते, दुरुस्ती होईपर्यंत काय करू नये आणि दुरुस्ती कुठे होईल, हे त्यात लिहिलेले असते.

आपण म्हणाल, अमेरिकेतल्या घरगाड्यांशी आपल्याला काय करायचे आहे? आपल्याकडे तशा गाड्या नाहीत. पण चाकांवरची चूल मात्र आहे. आपले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. श्रीगोविंदप्रभूंच्या स्थानांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून आणि पार पंजाबातूनही भाविक येतात. लांबच्या यात्रेला निघालेल्या गाडीत बऱ्याचदा पीठ, तांदूळ, भांडी आणि सोबत एखादे सिलिंडर असते. बाहेरचे खाणे महाग पडते, शिवाय घरच्या भाकरीची गोडी वेगळी. आपल्यातलेही लोक सहलीला किंवा दूरच्या तीर्थाला निघताना असाच संसार गाडीत भरतात. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तमिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या एका डब्याला आग लागली. हा डबा लखनौहून आला होता. रेल्वेत सिलिंडर नेण्यास बंदी असताना आत लपवून सिलिंडर आणले होते आणि त्यावर चहा-स्वयंपाक चालला होता. ९ जणांचा मृत्यू झाला. बंद डब्यात सिलिंडर आहे हे काही जणांना ठाऊक होते. काही जण मात्र झोपेत होते आणि त्यांना कोणी काही विचारलेही नव्हते.

मराठीत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. दुसरी म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन्ही म्हणी आपण रोज वापरतो, पण दोघींचे एकमेकींशी पटत नाही हे आपल्या लक्षात येत नाही. पुढच्याला ठेच लागली तरी त्याने तोंडातून हूं की चूं काढले नाही, तर मागचा शहाणा होणार कसा? तोही त्याच दगडावर आपटणार. मागच्याचे शहाणपण पुढच्याच्या ओरडण्यावर अवलंबून आहे. आणि पुढच्याला तर आपली मूठ झाकलेली ठेवायची आहे, कारण ठेच लागली हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटतो, किंवा त्याचे नुकसान होते.

२०१० या एकाच वर्षात आपल्या देशातील दोन मोठ्या मोटार कंपन्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारीत मारुती सुझुकीने ए-स्टार या गाडीच्या सुमारे १ लाख मोटारी परत बोलावल्या, कारण इंधनाच्या पंपाजवळच्या एका गॅस्केटमधून पेट्रोल गळण्याची शक्यता होती. त्याच वर्षी टाटांच्या नॅनो गाडीला आग लागल्याच्या घटना घडल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सगळ्या मालकांना सुरक्षेची जादा साधने विनामूल्य बसवून देऊ असे जाहीर केले, मात्र हा ‘रिकॉल’ नाही असेही सांगितले. काम चांगलेच होते आणि ते फुकट होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही विचार करण्यासारखे आहे. ‘गाडीत दोष असू शकतो, ताबडतोब या’ असा निरोप आला तर माणूस दुसऱ्या दिवशी जातो. ‘आम्ही आणखी काही बसवून देत आहोत’ असा निरोप आला तर तो म्हणतो, पुढच्या महिन्यात पाहू. शब्द सौम्य केला की धोका सौम्य होत नाही, ऐकणाऱ्याची घाई तेवढी कमी होते.

हा वाद आजचा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक उदाहरण घेतले आहे. एक गृहस्थ घर विकायला काढतो. घर बाहेरून चांगले दिसते, पण आत राहणे आरोग्याला घातक आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड खराब झाले आहे. आणि हे मालकाशिवाय कोणाला माहीत नाही. त्याने गिऱ्हाइकाला सांगावे का? एक पक्ष म्हणतो, त्याने खोटे काही सांगितले नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, सगळेच बोलून दाखवायचे तर व्यापार चालायचा कसा? दुसरा पक्ष म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे जर वाईट, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यात जाऊ देणे त्याहून वाईट. सिसेरोने दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला. गप्प राहणे म्हणजे प्रत्येक वेळी लपवणे नव्हे. पण आपल्या फायद्यासाठी, ज्याचे हित गुंतले आहे त्यालाच अंधारात ठेवणे म्हणजे लपवणे, असे त्याचे म्हणणे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष सगळ्यांना दिसतो. किंमत रास्त असेल तर विकणाऱ्याने तो मुद्दाम सांगितलाच पाहिजे असे नाही. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर मात्र सांगणे भाग आहे. पडायला आलेले घर पक्के म्हणून विकता येत नाही, विषारी अन्न चांगले म्हणून देता येत नाही. मग बाजारात दवंडी पिटायची का? ते म्हणतात, तशी गरज नाही. जो घ्यायला आला आहे त्याला सांगावे.

येथे मात्र आपला काळ त्यांच्या काळापेक्षा वेगळा पडतो. त्या काळी घोडा विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असत. आज एका कारखान्यातून एकाच साच्यातल्या हजारो वस्तू निघतात आणि कोणाच्या घरी जातात ते विकणाऱ्याला ठाऊक नसते. शिवाय दोष पुष्कळदा विक्रीनंतर उघडकीस येतो. व्यवहार झाला, पैसे मिळाले, पावती फाडली. आता बांधिलकी उरली का?

याचे उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात सापडते आणि ते वाचून आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने माणसाला शिंग मारून ठार केले, तर बैलाला मारावे, पण धनी निर्दोष ठरतो. मात्र तो बैल आधीपासून मारका आहे, हे धन्याला कोणी बजावले होते आणि तरी त्याने बैलाला बांधून ठेवले नाही, तर धनीही दोषी ठरतो, आणि त्याची शिक्षा फार कडक आहे. बैल तोच, शिंगे तीच, मरण तेच. मधे फरक पडला तो एवढाच, की धन्याला कळले होते. त्याच अध्यायात उघड्या खड्ड्याचाही नियम आहे. ज्याने खड्डा खणून झाकला नाही, त्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई द्यावी. आणि अनुवादात सांगितले आहे, की नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येणार नाही.

आम्हांला जे सांगायचे आहे ते या बैलाच्या नियमात आले आहे. वस्तूत दोष असणे हे पाप नव्हे. माणसाच्या हातून घडलेल्या कोणत्याही वस्तूत दोष राहू शकतो, मग करणारा कितीही प्रामाणिक असो. पण दोष कळला त्या क्षणापासून तो आपला झाला. आणि कळल्यानंतरचे कर्तव्य धोका जिवंत आहे तोपर्यंत संपत नाही. पावती फाडल्याने, मुदत संपल्याने किंवा वस्तू तिसऱ्याच्या हाती गेल्याने ते मिटत नाही. संत थॉमस म्हणतात तशी बाजारात दवंडी पिटण्याची गरज एरवी नसेल, पण घेणारा कोण आणि कुठे आहे हे ठाऊक नसताना दवंडीवाचून दुसरा उपाय राहत नाही. परत बोलावण्याची जाहिरात म्हणजे ही आजच्या काळाची दवंडी आहे.

आपल्या देशात ही जाणीव कायद्यात यायला वेळ लागला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला घातक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये या प्राधिकरणाने अमेझॉन कंपनीला आदेश दिला, की आपल्या संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या, ठरलेल्या दर्जाला न उतरणाऱ्या २,२६५ प्रेशर कुकरच्या ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावेत आणि पैसे द्यावेत. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. वाद चालू असतानाही न्यायालयाने ग्राहकांना कळवण्यास सांगितले. पैशांचा हिशेब नंतर होऊ शकतो, पण शिट्टी होणारा कुकर आज संध्याकाळीही शेगडीवर चढणार असतो.

आता या बोलण्यावर जे आक्षेप येतात, त्यांचाही प्रामाणिकपणे विचार करू.

पहिला आक्षेप असा, की उगाच लोक घाबरतील. हजारात एखादी वस्तू बिघडलेली असेल, तिच्यासाठी नऊशे नव्व्याण्णवांची झोप का उडवायची? पण ती एक कोणती, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून हजारांनाही सांगावे लागते. आणि भीतीचे म्हणाल तर ती अर्धवट सांगण्याने वाढते. ‘गॅस फुटतो आहे म्हणे’ ही अफवा झाली. ‘अमुक प्रकारचा रेग्युलेटर, अमुक वर्षी बनलेला, त्याचा जोड तपासून घ्या, तोपर्यंत वापरू नका’ ही सूचना झाली. अफवेने माणूस सैरभैर होतो, सूचनेने तो उठून कामाला लागतो. म्हणून कळवणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते: कळवायचे, आणि नेमके तेच कळवायचे. या बाबतीत आपल्या रिद्धपूरची परंपरा मोठी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी येथे लीळाचरित्र सिद्ध केले, ते ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून आणि ताडून पाहून. ऐकलेले जसेच्या तसे पुढे पोहोचवणे हे किती कष्टाचे काम आहे, हे या गावाला वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मोठ्या कंपनीला परवडते, पण तालुक्याच्या गावी शेगड्या विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लहान दुकानदाराने काय करावे? त्याने शंभर बटणे बसवून दिली आणि नंतर कळले की तो सगळा माल हलका होता. घरोघर जाऊन सांगितले तर दुकानाचे नाव जाते आणि बदलून देण्याचा खर्च अंगावर पडतो; त्याच्या घरीही लेकरेबाळे आहेत. हा भार खरा आहे, तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण कळवण्याला पैसे पडत नाहीत, बदलून देण्याला पडतात. बदलून देण्याचा भार ज्याने माल बनवला त्याने उचलायला हवा, आणि तो मागताना ग्राहकांनी दुकानदाराच्या पाठीशी उभे राहायला हवे. जो दुकानदार स्वतःहून येऊन ‘काकू, ते बटण वापरू नका’ असे सांगतो, त्याला आपण शिव्या दिल्या आणि गप्प राहिलेल्याकडून पुढचा माल घेतला, तर गावातल्या मुठी झाकलेल्याच राहतील. सांगणाऱ्याला सांगणे परवडेल असे आपण वागले पाहिजे. हा धर्म ग्राहकाचा आहे.

तिसरा प्रश्न आपल्या घरातला आहे. परत बोलावण्याचे पत्र पहिल्या मालकाच्या नावाने निघते, पण वस्तू एका हाती राहत नाही. घरगाडी दुसऱ्याला विकली जाते. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते. आपल्याकडे तर वस्तू किती हातांतून फिरते! मुलाने नवी शेगडी घेतली की जुनी गावी आईकडे येते. आईकडून ती घरकाम करणाऱ्या बाईकडे जाते. लग्नकार्यात शेजारच्याचे सिलिंडर, मामाचा रेग्युलेटर आणि मंडपवाल्याची भट्टी असा मेळ बसतो. शिकायला गेलेल्या पोराला खोलीवर लहान सिलिंडर आणि उरलेली नळी दिली जाते. प्रत्येक हातबदलीत वस्तू पुढे जाते आणि तिच्याविषयीची माहिती मागे राहते. समजा, एखाद्या शेगडीचे एक बटण सैल आहे. घरच्या बाईला ते ठाऊक आहे. ती रोज सवयीने ते जरा दाबून फिरवते आणि रात्री न चुकता सिलिंडर बंद करते. तिच्या हाती ती शेगडी बिनधोक आहे. तीच शेगडी तिने कोणाला देऊन टाकली आणि बटणाचे सांगितले नाही, तर शेगडी तेवढी गेली, सांभाळ मात्र तिच्यापाशीच राहिला.

येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलतो. गोरगरिबांना जुन्या वस्तू देण्याची आपल्यात चांगली चाल आहे, आणि नाताळाच्या सुमारास ती विशेष दिसते. जुना स्वेटर फाटका असेल तर घेणाऱ्याला ते दिसते. तो संत थॉमसांचा एका डोळ्याचा घोडा आहे. पण गळकी शेगडी, भेगाळलेली नळी, निकामी झडपेचा कुकर यांचा दोष दिसत नाही. जी वस्तू आपल्या लेकीच्या स्वयंपाकघरात आपण ठेवणार नाही, ती दुसऱ्याच्या लेकीला देणे याला दान म्हणता येईल का? धोका आपल्या घरातून काढून तिच्या घरात ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. अशी वस्तू आधी दुरुस्त करावी. ते जमत नसेल तर मोडीत घालावी.

कळवण्याची भाषाही कळणारी हवी. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जन्मभर चुलीपुढे धूर गिळलेल्या कोट्यवधी बायांच्या घरी प्रथमच गॅस आला. ही मोठी गोष्ट झाली. पण चुलीचा धोका डोळ्यांना दिसतो, गॅसचा दिसत नाही. आणि बारीक अक्षरांतले माहितीपत्रक किती जणींना वाचता येते? आपल्या शेजारी अशी एखादी मावशी असेल तर तिच्या घरी बसून, तिच्याच शेगडीवर, तिच्याच वऱ्हाडी बोलीत दोन गोष्टी सांगणे हेही कळवणेच आहे.

आता ऐकणाऱ्याकडे वळू, कारण सांगणाऱ्याचे कर्तव्य पार पडले तरी अर्धे काम उरते. अमरावतीपासून भोपाळ फार दूर नाही. तेथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने त्याआधी दोन वर्षे, १९८२ पासून, आपल्या लहानशा साप्ताहिकातून या धोक्याविषयी पुन्हा पुन्हा लिहिले होते. ज्याला कळले त्याने कळवले होते. ज्यांनी ऐकायचे त्यांनी ऐकले नाही.

आपणही सूचना ऐकतो आणि म्हणतो, ‘जाऊ द्या ना बाप्पा, इतकी वर्षे काही झाले नाही.’ गेल्या वर्षी झाले नाही हे खरेच. पण गेल्या वर्षी नळीही एक वर्षाने नवी होती. नाकाची एक खोड येथे सांगण्यासारखी आहे. गॅसच्या वासात माणूस बराच वेळ बसला की त्याला तो वास जाणवेनासा होतो. गॅस तेवढाच असतो, नाक थकलेले असते. बाहेरून आलेला पाहुणा दारातच थबकतो आणि विचारतो, ‘कसला वास येतोय हो?’ सदसद्विवेकबुद्धीचेही असेच होते. रोज दिसणारी चूक काही दिवसांनी चूक वाटत नाही. अशा वेळी बाहेरून आलेल्याने विचारलेला साधा प्रश्न आपल्याला टोमणा वाटतो. खरे म्हणजे तो आपल्या थकलेल्या नाकाचे काम करत असतो.

आता काही साध्या गोष्टी, ज्या आपण आज घरी गेल्यावर पाहू शकतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायची असते. ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर घेऊ नये, बदलून मागावे. रबरी नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि पाच वर्षांच्या आत बदलावी. भेग दिसली तर त्याच दिवशी बदलावी. जोडाला साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती कधीही पाहू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. म्हणून वास आला तर आधी शेगडी व रेग्युलेटर बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅसगळतीसाठीचा मदत क्रमांक आहे. सिलिंडर आणून देणाऱ्या भावाला झडप तपासून दाखवायला सांगावे. तो घाईत असतो, उन्हातून जिने चढून आलेला असतो. त्याला पाणी द्यावे, पण तपासणी मागावीच. तो आपला हक्क आहे आणि त्याचे ते काम आहे.

आणि एक गोष्ट यादीत बसणारी नाही. आपण आजवर कोणाला काय दिले, विकले, उसने दिले किंवा बसवून दिले, ते जरा आठवून पाहावे. त्यातल्या एखाद्या वस्तूविषयी आपल्याला असे काही ठाऊक आहे का, जे आज ती वापरणाऱ्याला ठाऊक नाही? ते शेगडीचे बटण असेल, मोटारसायकलचा ब्रेक असेल, शेतातल्या पंपाची उघडी वायर असेल, भाड्याने दिलेल्या खोलीची तडकलेली भिंत असेल. असेल तर फोन उचलायला दोन मिनिटे लागतात. कदाचित समोरचा म्हणेल, ‘हे आधी का नाही सांगितलं?’ तेवढे बोलणे ऐकून घ्यावे. न्यू लंडनच्या आईबापांना ते बोलण्याचीही संधी मिळाली नाही.